हरळीचा हिशेब

आमच्या फुलंब्रीच्या वस्तीत वाचनालयासमोर २० बाय १५ फुटांचा हरळीचा तुकडा आहे. ज्यांच्या घरात जागा नाही अशी मुले संध्याकाळी तिथे बसून दहावी-बारावीचा अभ्यास करतात. म्हणून ती हिरवळ आमच्यासाठी शोभेची नाही, ती आमची अभ्यासिका आहे.

फेब्रुवारीत थंडी ओसरली की हरळीला नवा फुटवा येतो. गेल्या वर्षी त्याच वेळी मी भावाच्या शेतातला उरलेला युरिया आणला. पिशवीवर ‘नीम कोटेड’ असे लिहिलेले. लेप आहे म्हणजे खत हळूहळू सुटणार, मग वर्षाचे एकदाच टाकू, अशा समजुतीने ३ किलो फेकला आणि वरून थोडे पाणी शिंपडले. आठवड्यात गवत करपून तपकिरी झाले. ऐन परीक्षेच्या तोंडावर मुले धुळीत पोते अंथरून बसली. एक पोरगी म्हणाली, “काका, तुम्ही तर बी.कॉम. ना? मग हिशेब कसा चुकला?” मी मान खाली घातली.

हिशेब असा आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. २०१५ पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. पण तो लेप युरियाला विरघळू देतोच. फक्त मातीतल्या जिवाणूंचे नत्राचे नायट्रेट करण्याचे काम तो मंदावतो. त्यामुळे नत्र कमी वाया जाते, पण जास्त टाकले तर मुळे भाजतातच. २०२३ साली आलेल्या ‘युरिया गोल्ड’ला गंधकाचे आवरण आहे, त्यातून नत्र सावकाश सुटते. तरी प्रमाण पाळावेच लागते. १०० चौरस फुटांना एका वेळी १०० ग्रॅम साधा युरिया पुष्कळ झाला. मी दहापट टाकला होता. आणि तोही अनुदानाचा, शेतकऱ्याच्या वाट्याचा!

हरळीची मुळी मात्र चिवट. मातीखालचे धुमारे जिवंत होते, पहिल्या पावसात ते फुटले. यंदा मी चाळलेले, चांगले कुजलेले शेणखत दोन घमेली पातळ पसरले. त्यातले नत्र जिवाणू हळूहळू मोकळे करतात. गरिबाचे सावकाश सुटणारे खत ते हेच.

बंधू-भगिनींनो, पिशवीवरचा एक शब्द वाचून थांबू नका. पूर्ण वाचा, मोजा आणि मगच हात घाला. मुले पुन्हा हिरवळीवर बसली आहेत, आणि तागडी आता त्या पोरीच्या हातात आहे.