देवाला कशाची टंचाई?

धाकटी बहीण गेली. मिरजेहून शिराळ्याला परतताना एसटीच्या खिडकीतून ऊस दिसत राहिला, पावसानं तरारलेला. त्या हिरवेपणाचाच राग आला. देवाचा नव्हे, असं तेव्हा वाटलं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "चांगली माणसं देवाला लवकर लागतात." त्यांची माया कळली, पण म्हणणं पटलं नाही. देवाला कशाची टंचाई? नागपंचमीच्या घाईतही त्या रोज डबा देऊन जातात, हे मात्र खरं.

रात्री प्रार्थनेला बसते, शब्द येत नाहीत. मग स्तोत्रसंहिता उघडते. तिथं देवाशी भांडणारे किती!

पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १८८३ चा. म्हणजे दुःख आधी, श्रद्धा मागून. आणि १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमाही गेली. केडगावच्या मुक्ती सदनात मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्याचं काम त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत चालवलं. लोक याला अढळ श्रद्धा म्हणतात. मला नुसत्या कागदांवर वाकलेल्या बाई दिसतात. ईयोबाच्या तक्रारी मराठीत उतरवताना त्यांचा हात थांबला असेल का?

रविवारी उपासनेला जाईन. गाईन की नाही, ते तिथं गेल्यावर बघू.