साडेतीनशे युरोंचं अस्वल!

टेडी बेअर ही मोठ्या माणसांची चीज आहे, हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही? मोठी म्हणजे चांगली कमावती, चष्मा लावणारी, नातवंडं असलेली माणसं! वीतभर अस्वल हातात घेतात, त्याची मान फिरवून बघतात, पोट हलकेच दाबून आत काय भरलंय याचा अंदाज घेतात, टाके तपासतात, आणि पाकीट उघडतात. घरी नेऊन काचेच्या कपाटात ठेवतात. एकेकाकडे शंभर-शंभर अस्वलं! आणि ही अस्वलं करणारे कुणी खेळण्यांचे कारखानदार नव्हेत. आपापल्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर एकेक अस्वल घडवणारे कलाकार आहेत. एक अख्खी दुनियाच आहे ही, आणि मी सध्या तिच्यात गळ्यापर्यंत बुडाले आहे!

आम्ही राहतो र्युसेल्सहाइमला, फ्रँकफर्टजवळ, माइन नदीच्या काठी. इथे आलेली बहुतेक मराठी कुटुंबं गाड्यांच्या पाठोपाठ आलेली. ओपेल इथलीच, आणि ह्युंदाईचं युरोपातलं तांत्रिक केंद्रही इथेच. त्यामुळे गावात इंजिनाखेरीज काही घडतं असं मनातसुद्धा आलं नव्हतं. शेजारच्या बाईंनी एकदा कॉफीला बोलावलं आणि त्यांच्या शिवणाच्या खोलीचं दार उघडलं. संपलं! त्या दिवसापासून मी गाड्यांकडे बघायचं सोडून दिलंय.

टेबलावर मोहेरचं कापड पसरलेलं होतं. अंगोरा बकरीच्या केसांचं, लांब लवेचं, हात फिरवला की उलट्या बाजूने चमक मारणारं. बाईंनी नमुन्याचे पुठ्ठे कापडाच्या पाठीवर ठेवले. प्रत्येक पुठ्ठ्यावर बाण, लव कुठल्या दिशेला पडणार ते सांगणारा. कापताना कात्रीचं टोक फक्त पाठीच्या विणीत घालायचं, लवेचा एक केससुद्धा तुटता कामा नये! शिवून झालं की टाक्यात अडकलेले केस सुईने एकेक करून बाहेर ओढायचे, म्हणजे शिवण दिसतच नाही. मान, दोन हात, दोन पाय अशा पाच सांध्यांत गोल चकत्या आणि खिळे, म्हणून अस्वल बसतं, वळतं, हात वर करतं. नाकाडात लाकडाचे केसासारखे बारीक तंतू ठासून भरायचे, पोटात थोडे पोलादी छर्रे, म्हणजे उचलल्यावर हाताला जिवंत वजन लागतं. डोळे काचेचे. लांब सुईने ते डोक्यातून आरपार ओढून मागे मानेत गाठ मारायची. डोळा दोन मिलिमीटर सरकला तर लाडिक अस्वल एकदम संशयी दिसायला लागतं! मी स्वतः पाहिलं. बाईंनी डोळे उसवले, पुन्हा लावले, पुन्हा उसवले.

मी पुण्यात कॉस्टिंगमध्ये नोकरी केलेली बाई. त्यामुळे सगळं बघून झाल्यावर तोंडातून जो प्रश्न निघायचा तोच निघाला, ‘कितीला विकता?’

‘एकशे चाळीस युरो.’

‘आणि तास किती लागतात?’

‘अठरा तरी. पण वेळेचं काय, मी टीव्ही बघताबघता करते ना.’

अरे देवा! हे वाक्य मी कुठे कुठे ऐकलंय! गोधडी शिवणाऱ्या बायकांकडून, दिवाळीला आकाशकंदील करणाऱ्यांकडून, रुखवताचं सामान करून देणाऱ्या मावश्यांकडून. जर्मन बाईसुद्धा अगदी हेच म्हणते! मी तिथल्या तिथे वही मागून घेतली. मोहेर, डोळे, सांधे, भरण मिळून पंचेचाळीस युरो. बाजारातल्या टेबलाचं भाडं, खोकी, टपाल यांचा वाटा पंचवीस. उरले सत्तर. भागिले अठरा. तासाला चार युरोसुद्धा पडत नाहीत! जर्मनीत २०२५ साली कायद्याने ठरलेली किमान मजुरी तासाला १२.८२ युरो होती. तेवढी जरी धरली तरी अठरा तासांचे दोनशे तीस होतात, खर्च मिळवला की तीनशे, वर थोडा नफा. अस्वल साडेतीनशेचं! बाई वहीकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘इतके कोण देईल?’

कोण देईल हे शोधायला मी निघाले आणि शिवणकामाच्या जुन्या गोष्टींची नवी खाणच सापडली. आधी तर आपल्या गावातच! स्टेशनजवळ ओपेल कारखान्यासमोर ज्यांचा पुतळा आहे, त्या ॲडम ओपेल यांनी सुरुवात गाड्यांनी केलीच नव्हती. शिवणयंत्रांनी केली होती! कुलूपवाल्याचा हा मुलगा पॅरिसला जाऊन शिवणयंत्रांचं काम शिकला आणि १८६२ साली गावी परत येऊन त्याने स्वतःचं पहिलं यंत्र बनवलं. कारखाना कुठे? काकांच्या रिकाम्या गोठ्यात! १८६८ साली सोफी शेलरशी लग्न झालं, तिच्या माहेरचा पैसा धंद्यात आला, कारखाना वाढला. १८८६ पासून सायकली. १८९५ साली ॲडम गेले, पण सोफी आणि तिच्या पाच मुलांनी धंदा हातातून सुटू दिला नाही, आणि १८९९ साली पहिली मोटार बाहेर पडली. शिवणयंत्रं मात्र १९११ च्या मोठ्या आगीपर्यंत बनत राहिली, सुमारे दहा लाख! ज्या गावाला सगळं जग गाड्यांचं गाव म्हणतं, त्याचा पाया सुई-दोऱ्याचा आहे, बोला आता!

आणि टेडीची मूळ कथा तर याहून भारी. दक्षिणेकडे गींगेन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या मार्गारेटे श्टाइफला तान्हेपणी पोलिओ झाला. पाय गेले, उजवा हात दुबळा झाला. तरी शिवणकाम शिकली, फेल्टच्या कपड्यांचं दुकान टाकलं, आणि १८८० साली टाचण्या टोचायला फेल्टचा छोटा हत्ती केला. टाचण्या राहिल्या बाजूला, पोरं त्या हत्तीशी खेळायला लागली! तिचा भाचा रिशार्ट श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात बसून अस्वलांची चित्रं काढायचा. १९०२ साली त्याने हलणाऱ्या हातापायांचं मोहेरचं अस्वल केलं. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने तीन हजार नगांची मागणी नोंदवली. आणि १९०७ साली? एका वर्षात ९ लाख ७४ हजार अस्वलं! ती करायला कारखान्यात चारशे माणसं आणि घरी बसून शिवणारी अठराशे. १९०४ पासून नकलांना आळा बसावा म्हणून प्रत्येकाच्या कानात धातूचं बटण. त्याच १९०४ सालचं एक श्टाइफ अस्वल १९९४ साली लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात एक लाख दहा हजार पौंडांना गेलं!

हे आकडे वाचून मी धावतच शेजारी गेले. वाटेत मात्र एक गोष्ट लख्ख दिसली. वाढायचे रस्ते दोन आहेत. एक श्टाइफचा, ओपेलचा, आपल्या लिज्जतचा. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, आणि पुढे हजारो हातांनी तोच पापड, त्याच चवीचा, लाटला. तिथे हात वाढले की धंदा वाढतो. पण टेडी कलाकाराच्या अस्वलाला दुसरा हात लागला की ते त्या कलाकाराचं राहतच नाही! त्यामुळे तिचा धंदा नगांनी वाढणार नाही, तो किमतीने आणि नावाने वाढणार. वर्षाला चाळीसच अस्वलं, पण प्रत्येकाला पूर्ण मोल.

मग काय, आम्ही दोघी लागलो कामाला! पहिलं म्हणजे नमुना स्वतःचा हवा. विकत घेतलेल्या नमुन्यावरून केलेली अस्वलं परवानगीवाचून विकता येत नाहीत. दुसरं, क्रमांक. एका नमुन्याची दहाच अस्वलं करायची, तळपायावर सही आणि ‘दहापैकी तीन’ असा आकडा, अकरावं कधीही नाही. संग्राहक या शब्दावर जीव टाकतो! तिसरं, कायदा, आणि इथे तर मी हरखूनच गेले. युरोपात लहान मुलांचं खेळणं विकायचं तर सुरक्षेच्या चाचण्या आणि सीई खूण लागते. काचेचे डोळे, खिळे, छर्रे हे बाळाच्या हातात द्यायचं कामच नाही. पण संग्राहकांसाठीची, चौदा वर्षांवरच्यांसाठीची वस्तू असेल आणि तसं वस्तूवर किंवा खोक्यावर स्पष्ट लिहिलं असेल, तर ती कायद्याने खेळणं ठरत नाही. एक छोटी चिठ्ठी, पण तिच्यावाचून सगळं अडतं! चौथं, नगरपालिकेत व्यवसायाची नोंद. आणि गेल्या वर्षीची उलाढाल पंचवीस हजार युरोंच्या आत असेल तर छोट्या व्यावसायिकाच्या सवलतीत विक्रीकर लावावा लागत नाही. पाचवं, जागा. नाताळच्या बाजारात मोजे आणि मेणबत्त्यांच्या शेजारी साडेतीनशेचं अस्वल महागच वाटणार. ते न्यायचं टेडीच्या खास जत्रेत. म्युन्स्टरला वर्षानुवर्षं अशी जत्रा भरत आली आहे, तिथे उत्तम अस्वलांना गोल्डन जॉर्ज नावाचं पारितोषिकसुद्धा मिळतं. अस्वलांचं ऑस्करच म्हणा ना!

बाईंनी धीर करून नवी किंमत लिहिली. एका संग्राहकांच्या बाजारात टेबल लावलं. मी बाजूला उभी, छाती धडधडतेय. एक आजोबा आले, अस्वलाचे पाय हलवून बघितले, नाकावरचे टाके नखाने चाचपले आणि विचारलं, ‘या नमुन्याची किती करणार?’ ‘दहा.’ ‘हे कितवं?’ ‘चौथं.’ त्यांनी पैसे मोजले! घासाघीस नाही, नाक मुरडणं नाही. जाताना पाचव्याबद्दल विचारून गेले.

रात्री आईला फोन केला. ‘अगं, साडेतीनशे युरो म्हणजे पस्तीस हजार रुपये! एवढ्यात चांगली पैठणी येईल,’ ती म्हणाली. बरोबर बोललीस आई! येवल्यात पैठणीची किंमत कशी सांगतात? मागावर किती दिवस गेले, पदरावर किती काम आहे, यावरूनच ना? तिथे कुणी म्हणत नाही की टीव्ही बघताबघता विणली. पैठणीला जो मान आपण देतो तो गोधडीला का नाही? सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी फळांना का नाही? कापडी बाहुल्या करणाऱ्या बचत गटाच्या ताईंना का नाही?

म्हणून भीमथडीला, महालक्ष्मी सरसला, गावच्या प्रदर्शनात टेबल मांडणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींना इथून ओरडून सांगतेय. पुढची वस्तू हातात घ्याल तेव्हा शेजारी कागद ठेवा. काम सुरू केलं की वेळ लिहा, उठलात की वेळ लिहा. उसवलेले टाकेही त्यात धरा, चहा मात्र धरू नका! वस्तू पुरी झाली की बेरीज करा, तासाला आपली मजुरी लावा, सामान आणि टेबलाचं भाडं मिळवा, खाली सही करा आणि क्रमांक घाला. तो आकडा बघून आधी तुम्हालाच धक्का बसेल. बसू दे! नंतर गिऱ्हाइकाने ‘कितीला?’ विचारलं की खाली न बघता सांगता येतं, आणि आवाजही अजिबात कापत नाही.