बाबांच्या गाडीचं वॅक्सिंग

वॅक्स म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? पार्लर, आपल्याच तोंडून निघालेलं ‘आई गं!’ आणि नंतरचं बिल. बरोबर? माझंही तसंच होतं. पण गेली दोन वर्षं पुण्याहून घरी जाताना माझ्या बॅगेत एक वेगळंच वॅक्स असतं. बाकरवडी एखाद्या वेळी राहते, हा डबा नाही. हे वॅक्स केस काढत नाही, गाडीचा रंग सांभाळतं. आमच्या घरी तर त्याने रंगापेक्षा महत्त्वाचं काहीतरी सांभाळलंय.

माझं घर भद्रावतीचं. जिल्हा चंद्रपूर. तुमच्यापैकी बरेच जण ताडोब्याला जाताना आमच्या गावावरून गेले असतील, वाघाच्या नादात पाटी वाचली नसेल एवढंच. रेल्वेने आलात तर स्टेशनचं नाव भांदक दिसेल. तेही आम्हीच. आमच्याकडे पार्श्वनाथाचं जैन मंदिर आहे, भद्रनागाचं देऊळ आहे, विजासनची लेणी आहेत. आणि कोळसा आहे. गावाच्या आजूबाजूला कोळशाच्या खुल्या खाणी, पलीकडे चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले होते, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथं आलं. शाळेत असे मार्क मिळाले असते तर पेढे वाटले असते!

थोडक्यात, आमच्याकडे रात्री गाडी उघड्यावर लावली की सकाळी तिच्या बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येतं.

माझ्या बाबांनी आयुष्यभर कोळशाच्या खाणीत नोकरी केली. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून आमच्या घरातली पहिली गाडी आली. रंग गडद निळा. ‘सिल्व्हर घ्या, धूळ दिसत नाही’ असं सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण बाबा निळ्यावर अडून बसले. मग रोजचा कार्यक्रम ठरला. पहाटे उठायचं, जुन्या बनियनचं फडकं घ्यायचं आणि गाडी चकाचक पुसायची. कोरडीच. शेजारच्या काकूंच्या मते एवढी सेवा तर जावयाचीही कोणी करत नाही.

दोन गोष्टी एकाच सुमाराला लक्षात आल्या. एक म्हणजे निळ्या रंगावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसायला लागल्या. दुसरी म्हणजे बाबांचा खोकला. छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, नोकरीची वर्षं विचारली आणि औषधांबरोबर स्पष्ट सांगितलं, की आता धुळीपासून लांब राहायचं. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबा फडकं घेऊन अंगणात. आईचा मला फोन: “पाहून घे तुझ्या बापाले. गाडी पुसून राहिले अन् खोकून राहिले.”

मी म्हटलं, “बाबा, पुसणं बंद करा ना.”

“काहून? गाडी काय तशीच धुळीत ठेवू?”

प्रश्न बिनतोड होता. ज्या माणसाने पस्तीस वर्षं काळ्या कपड्यांनी घरी येऊन आधी अंघोळ आणि मगच चहा घेतला, त्याला स्वच्छतेवर लेक्चर कोण देणार? त्याला दुसरा उपाय द्यायला हवा होता. मग पत्रकारितेची डिग्री कामाला लावली. चंद्रपूरच्या एका गॅरेजमधल्या पेंटरशी बोलले, नागपूरच्या एका डिटेलिंगवाल्याला पकडलं, दुकानात उभं राहून डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली.

पहिला धडा रंगाचा. आजकालच्या गाडीचा जो रंग आपल्याला दिसतो, त्याच्यावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. चमक असते ती त्याची. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. आणि आमच्याकडे त्याच्यावर पडते फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळसा जळल्यावर उडणारी राख. तिच्यात मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना, काचेच्या जातीचे बारीक कण. त्यावरून कोरडं फडकं फिरवणं म्हणजे अतिशय बारीक सँडपेपर घासण्यासारखंच. शिवाय ती धूळ झटकली की जाते कुठे? पुसणाऱ्याच्या नाकात. रेघा आणि खोकला, दोन्हीची वाट एकाच फडक्यातून जात होती.

इथे वॅक्स येतं. वॅक्सने गाडी बुलेटप्रूफ होत नाही. ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा ते अडवत नाही, खोल ओरखडा भरत नाही. त्याचं काम साधं आहे. क्लिअर कोटवर एक अगदी पातळ, गुळगुळीत पापुद्रा बनवायचा आणि रंगाच्या ऐवजी आपण झिजायचं. त्या गुळगुळीतपणामुळे धूळ घट्ट चिकटत नाही, नुसत्या पाण्याच्या धारेने बरीचशी निघून जाते. आम्हाला नेमकं हेच हवं होतं. जी धूळ पाण्याने जाते, ती झटकावी लागत नाही.

आता चॉइस. बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिलं कार्नोबा वॅक्स. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागात एक ताडाच्या जातीचं झाड आहे. पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते पानांवर मेणाचा थर चढवतं, तेच हे. चॉकलेटच्या गोळ्यांवरची चकाकीही बऱ्याचदा याचीच असते. गडद रंगावर ते लावलं की गाडी नुकतीच ओली केल्यासारखी दिसते. प्रॉब्लेम एकच. शुद्ध कार्नोबा ८२ ते ८६ अंशांच्या आसपास वितळतं, पण डब्यातल्या वॅक्समध्ये तेलं आणि सॉल्व्हंट मिसळलेले असतात, ते त्याच्या आधीच मऊ पडतं. मे महिन्यात आमच्याकडे सावलीतच ४५ च्या पुढे पारा जातो. गडद निळ्या टपावर काय होत असेल, कल्पना करा. पुण्यात दोन महिने तग धरणारं कार्नोबा आमच्याकडे उन्हाळ्यात लवकर हात टेकतं.

दुसरं सिंथेटिक वॅक्स, ज्याला सीलंट म्हणतात. हे कारखान्यात बनवलेलं पॉलिमर. कार्नोबाइतकी मुलायम चमक नाही, पण ऊन आणि पाऊस जास्त सोसतं, चार-सहा महिने निघतात. तिसरं सिरॅमिक कोटिंग. नागपूरच्या एका शोरूममधल्या सेल्समनने बाबांना हे जवळजवळ विकलंच होतं. दर ऐकून मी विचारलं, की आधी या रेघा घालवायचं काय? तर त्याचे पैसे वेगळे! कोटिंग चांगलं असतं, वर्षानुवर्षं टिकतं, खोटं नाही. पण रेघांवर लावलं तर रेघाही त्याच्याखाली मुक्कामाला राहतात. आणि ‘सिरॅमिक’ शब्दाला भद्रावतीच्या माणसाने भुलू नये. ग्रामोदय संघामुळे मातीची भांडी घडताना बघतच आम्ही मोठे झालो. भांड्यावरची झिलई भट्टीत भाजून काच होते. गाडीवरचं कोटिंग म्हणजे बाटलीतलं द्रव, हवेत सुकून कडक होणारं. नावात भाऊबंदकी, एवढंच.

आम्ही सीलंट घेतलं. ज्यात पॉलिशही मिसळलेलं असतं ते ‘क्लीनर वॅक्स’ मुद्दाम टाळलं. पॉलिश आणि वॅक्स एकच समजू नका. पॉलिश रंगाचा थोडा थर घासून काढतं, वॅक्स वरून थर देतं. रेघा घालवण्यासाठी पेंटरकडून एकदाच हलकं पॉलिश करून घेतलं. क्लिअर कोट परत वाढत नाही, त्यामुळे दर दिवाळीला घासायची ही गोष्ट नव्हे.

मग आला लावायचा दिवस. मार्चमधला रविवार, सकाळचे साडेसहा, पोर्चची सावली. ऊन तापलं की पत्रा तापतो आणि वॅक्स लावताक्षणी वाळून बसतं, म्हणून वेळ महत्त्वाची. आधी नुसत्या पाण्याने भरपूर धुणं. मग दोन बादल्या, एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, म्हणजे स्पंजला लागलेली राख परत गाडीवर जात नाही. कपड्यांची पावडर चालत नाही, ती वॅक्सही धुऊन नेते. टपापासून सुरुवात, खाली येत जायचं, शेवटी चाकांजवळचा भाग. मायक्रोफायबरने टिपून कोरडी केली. बाबांचं बनियन मी आधीच जप्त केलं होतं.

वॅक्स किती घ्यायचं यावर आमचं भांडण झालं. बाबा लोण्यासारखं थापायला निघाले होते. खरं तर फोमच्या पॅडवर थोडंसंच पुरतं. एका वेळी एकच भाग: अर्धं बॉनेट, मग उरलेलं, मग दार. पातळ थर. सुकून धुरकट दिसायला लागला की बोट फिरवून बघायचं. बोटाखाली स्वच्छ चमक दिसली तर पुसायची वेळ झाली, नुसतंच फराटलं तर थांबायचं. काळ्या प्लॅस्टिकवर लागू द्यायचं नाही, पांढरे डाग बसतात. दीड तासात काम झालं. बाबांनी मास्क काढला नाही आणि एकदाही खोकले नाहीत. आईने चहा आणून दिला आणि गाडीकडे न बघता बाबांकडे बघून म्हणाली, “आता बरं दिसते.”

आता रोजचं पुसणं बंद झालंय. दोन-तीन दिवसांनी पाण्याची धार मारायची, आठवड्याला शॅम्पू. पक्ष्याची विष्ठा दिसली की ओलं कापड ठेवून लगेच उचलायची, कारण उन्हात ती तासाभरातही रंगात डाग पाडू शकते. वॅक्स वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा संपल्यावर. बाबांनी कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्यात, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी.

खोकला गेला का? नाही. पस्तीस वर्षांत छातीत गेलेलं दीड तासात निघत नाही, आणि गावावरची हवा एका अंगणातल्या दोन बादल्यांनी बदलत नाही. पण पहाटेची ती धूळ तरी आता नाकात जात नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या पथ्यांपैकी बाबा हे एकच आनंदाने पाळतात, कारण ते पथ्य त्यांना गाडीचं वाटतं. आम्हीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही. छातीवर वॅक्स लावता येत नसतं. मग ज्याच्यावर लावता येतं, त्याच्यावर नीट लावावं.

तुम्ही मगरपट्ट्यात असा नाहीतर ठाण्यात, तुमच्या बिल्डिंगशेजारी कुठलंतरी बांधकाम चालू असणारच. या वीकएण्डला एक टेस्ट करा. गाडी धुतल्यावर बॉनेटवर मगभर पाणी ओता. मोत्यांसारखे थेंब पळाले तर वॅक्स अजून ड्युटीवर आहे. पाणी सपाट पसरून बसलं तर ते रजेवर गेलंय. आणि तुमच्या घरी कोणी रोज पहाटे कोरडं फडकं घेऊन पार्किंगमध्ये उतरत असेल, तर आधी ते फडकं काढून घ्या. वॅक्सचा डबा नंतर आणलात तरी चालेल.