चूक कोणाची?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं एक प्रसंग घडला. तो माझ्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावा कीं नाहीं, याचा मीं बरेच दिवस विचार केला. कारण त्यांत माझी शोभा वाढविणारें कांहींच नाहीं.

माझ्या पुतणीचें लग्न नागपुरास होतें. आईच्या खुब्याचें हाड मोडलेलें. सोलापुराहून एवढा प्रवास तिला झेपणारा नव्हता, आणि मोबाईलच्या लहान पडद्यावरचें तिला दिसत नाहीं. म्हणून लग्नविधि घरच्या टीव्हीवर थेट पाहावयाचा, असें ठरलें. टीव्हीच्या मागें खोचलेली स्ट्रीमिंग स्टिक मीं २०१७ सालीं घेतलेली. तिनें आजवर कधीं दगा दिला नव्हता. विधि चार वाजतां होता. साडेतीन वाजतांच आई नवें लुगडें नेसून खुर्चींत येऊन बसली, आणि पडद्यावर अक्षरें उमटलीं : नेटवर्कशीं जोडतां येत नाहीं.

मीं पासवर्ड तीनदां घातला. तीनदां तोच नकार. माझा मोबाईल मात्र त्याच वाय-फायवर खुशाल चालला होता. एवढ्यावरूनच मला कळावयास हवें होतें कीं इंटरनेट येत आहे आणि पासवर्डहि बदललेला नाहीं. परंतु राग आला म्हणजे पदवीधराची पदवी खुंटीवरच राहते! मी पंधरा वर्षांच्या मुलावर उखडलों, "तूंच कांहीं तरी खेळ केला असशील!"

"पप्पा, मीं हातसुद्धां लावला नाहीं. माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट देऊन पाहूं या का?"

"शहाणपणा पुरे!" असें म्हणून मीं स्टिकला फॅक्टरी रीसेट दिला. तिच्यांतलें सारें पुसलें गेलें, आणि नवी मांडणी करावयास तर आधीं इंटरनेटच हवें! प्रयोगांत एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, असें मी वर्गांत दरवर्षीं सांगतों. येथें मीं राउटरहि बंद केला, ताराहि उपसल्या.

सवाचार वाजतां मी मुकाट्यानें बाजूस झालों. मुलाच्या हॉटस्पॉटवर स्टिक मिनिटभरांत जोडली गेली. परंतु पुन्हा खातें उघडून चित्र दिसेपर्यंत साडेचार झाले. वधूवरांच्या शपथा होऊन गेल्या होत्या. आईनें नातीला सही करतांना पाहिलें. "दिसली हो," एवढेंच ती म्हणाली.

रात्रीं शांतपणें विचार केला. हॉटस्पॉटवर स्टिक चालली, तेव्हां दोष तिचा नव्हे. तिचें व राउटरचें जमत नव्हतें. वाय-फायच्या संरक्षणाची डब्ल्यूपीए-२ ही रीत २००४ सालची, व डब्ल्यूपीए-३ ही २०१८ सालची. राउटरवर 'फक्त डब्ल्यूपीए-३' असा पर्याय निवडलेला आढळला. आमच्या नव्या मोबाईलांस ती रीत ठाऊक. २०१७ च्या स्टिकला ती कोठून असणार? पासवर्ड बरोबर असूनहि ती दारांतूनच परत फिरत होती. तो पर्याय, सुरक्षिततेवरील एक लेख वाचून, तीन दिवसांपूर्वीं मींच निवडला होता. दोन्ही रीती चालतील असा मिश्र पर्याय निवडतांच स्टिक जोडली गेली.

सकाळीं मीं मुलाची क्षमा मागितली. त्यानें मान हालविली, व राउटरशेजारीं एक कागद चिकटविला : काय बदललें, कोणीं, कोणत्या तारखेस. पहिली नोंद माझ्या नांवाची आहे.

शपथांची चित्रफीत भावानें दुसऱ्या दिवशीं पाठविली. आईनें ती टीव्हीवर पाहिली. नवें लुगडें मात्र तिनें बाहेर काढलें नाहीं.