औली, बर्फ नसताना

उत्तराखंडातल्या औलीत सप्टेंबर संपत आलाय. हिवाळ्यात स्कीवाले ज्या उतारावरून सुसाट खाली येतात, तिथे आता गुडघ्याखालचं गवत, शेंड्यांकडून पिवळं पडत चाललेलं. उताराचं तोंड उत्तरेकडे आहे. ऊन तिरपं लागतं, म्हणून बर्फ टिकतो.

नंदादेवी (७८१६ मीटर) पहाटे स्वच्छ दिसली. नऊ वाजेपर्यंत ढगांनी झाकून टाकली. इथे यायचं तर उजाडायच्या आत उठावंच.

बर्फाखाली काय काय असतं ते आत्ता कळतं. खुर्च्यांच्या लिफ्टचे खांब, उतारावर ठिकठिकाणी उघडी पडलेली माती, आणि वर कृत्रिम बर्फासाठी पाणी साठवायला बांधलेलं तळं. पाण्याचे बारीक फवारे गारठलेल्या हवेत उडवले की त्यांचा बर्फ होतो. पण त्यासाठी हवा पुरेशी थंड हवी. नुसतं पाणी असून भागत नाही. हा सगळा खटाटोप खेळांसाठी: २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी खेळ डेहराडून आणि औलीत झाले. खेळांसाठी डोंगराकडून किती मागायचं, हा प्रश्न बर्फात पडत नाही, गवतात उभं राहिलं की पडतो.

वर गोरसों. ओक आणि देवदारांचं रान संपलं की एकदम मोकळं बुग्याल, म्हणजे उंचावरचं कुरण. मातीचा थर पातळ, मुळांच्या जाळ्याने धरलेला. आपल्या कासच्या सड्यासारखंच, पाय जपून टाकावा असं. एकदा हे जाळं फाटलं की पावसाचं पाणी तिथेच घुसतं, घळ पडते, आणि इतक्या थंडीत नवं गवत धरायला वर्षानुवर्षं जातात. २०१८मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांत रात्री मुक्काम करण्यावर बंदी घातली. तंबूवाल्यांचा धंदा बुडाला, त्यांचं दुःख खरं आहे. तरी मला बंदी योग्य वाटते.

जून २०१९मध्ये याच औलीत एका धनाढ्य घरची लग्नं झाली. न्यायालयाने तीन कोटी रुपये अनामत भरायला लावले. मागे कचऱ्याचे ढीग राहिले. बिनबर्फाच्या दिवसांत डोंगर रिकामाच असतो, असं समजणाऱ्यांचं हे काम.

खाली जोशीमठ. बद्रीनाथला निघालेल्या मराठी यात्रेकरूंच्या बसेस इथूनच जातात. हे गाव जुन्या दरडीच्या राड्यारोड्यावर वसलेलं आहे. जमीन खचते म्हणून नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ सालीच सांगितलं होतं की जड बांधकामं नकोत, उतारावरचे धोंडे उकरू नका, पाण्याला नीट वाट द्या, झाडं आणि गवत लावा. जानेवारी २०२३मध्ये आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले. औलीला जाणारा रोपवेही तेव्हाच थांबला.

समितीच्या यादीत गवत होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्कीचा उतार वाढवायचा, नवा खांब रोवायचा, तर पाहणी सप्टेंबरात व्हावी, गवत उभं असताना, आणि ती करणाऱ्यांत मेंढ्या घेऊन या उतारांवर फिरणारा एखादा मेंढपाळ असावा.