हात कुणावर बसवायचा?

धारच्या भोजराजाबद्दल बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'त एक कथा आहे. डोकेदुखीने जेरीस आलेल्या राजाला दोन वैद्य मोहचूर्णाने बेशुद्ध करतात आणि कवटी उघडून दुखण्याचं मूळ काढतात. ही कथा कथा म्हणूनच वाचावी. मला मात्र तिच्यात एक खरा प्रश्न दिसतो: शस्त्र धरणाऱ्याचा हात आधी कुठे बसलेला असतो? सुश्रुतसंहितेने सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात त्याचं उत्तर दिलं आहे. शास्त्र कितीही पाठ असो, 'योग्या' म्हणजे सराव केल्याशिवाय शिष्य कर्माला अपात्रच. म्हणून कापणं कोहळ्या-काकडीवर, शीर वेधणं कमळाच्या देठावर, टाके घालणं कापडावर आणि मऊ कातड्यावर, पट्ट्या बांधणं पुतळ्यावर. त्रिमितीय छपाईने घडवलेली हाडं आणि हृदयं मला याच परंपरेतली वाटतात. त्यांच्यावरचा सराव मोठ्या शहरांपुरता न राहता धार-देवासातही व्हावा, असं माझं ठाम मत आहे.

रुग्णाच्या सीटी स्कॅनमधले काप संगणकावर जोडून हवा तो अवयव वेगळा काढतात आणि छपाईयंत्र थरावर थर चढवून तो घडवतं. एकदा फाईल तयार झाली की तोच मोडलेला खुबा दहा शिकाऊ डॉक्टरांच्या हाती देता येतो, बिघडला तर पुन्हा छापता येतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत छापील हृदयांवर शिकलेल्यांना, जतन केलेल्या मृत अवयवांवर शिकलेल्यांपेक्षा अधिक गुण मिळाले. येल विद्यापीठातल्या 2002 सालच्या अभ्यासात आभासी शस्त्रक्रियेच्या यंत्रावर सराव केलेल्या निवासी डॉक्टरांनी पित्ताशय सोडवण्याचं काम 29 टक्के कमी वेळात केलं आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. साधन निराळं, निष्कर्ष तोच: हात रुग्णाबाहेर बसवता येतो.

प्लास्टिकमधून रक्त येत नाही, ते मांसासारखं ताणलं जात नाही, हा आक्षेप खराच आहे. पण कोहळ्यातूनही रक्त येत नव्हतं. सुश्रुताने सगळं शरीर एका वस्तूत शोधलं नाही; एकेका कौशल्यासाठी एकेक वस्तू निवडली. आजही तेच करावं: हाडासाठी कडक प्लास्टिक, टाक्यांसाठी सिलिकॉन, आणि खऱ्या ऊतींच्या ओळखीसाठी देहदानातून आलेलं शरीर, ज्याची जागा कुणीच घेणार नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. मऊ-कडक थर एकत्र छापणारी यंत्रं महाग आहेतच. पण हाडाची प्रतिकृती साध्या यंत्रावरही निघते आणि स्कॅन जोडणारं 'थ्रीडी स्लायसर' मोफत मिळतं. इंदूर-अहमदाबाद महामार्ग धारवरून जातो, आग्रा-मुंबई रस्ता देवासवरून. अपघातातली हाडमोड इथल्या रुग्णालयांना नवी नाही. म्हणजे स्वस्तात जे उत्तम छापता येतं, त्याचीच इथे गरज आहे. मात्र नुसतं यंत्र आणून भागणार नाही. शेजारी उभं राहून चूक दाखवणारा अनुभवी सर्जनही हवा. गुरूवाचून रियाज होत नाही, हे कुमार गंधर्वांच्या देवासला सांगायला नको. महामार्गावरून उचलून आणलेल्या मजुराच्या हाडावर कुणाचाही हात पहिल्यांदा बसू नये, एवढंच माझं मागणं आहे.