दुमजली बसचे सोबती

१५ सप्टेंबर २०२३ हा शुक्रवार मुंबईतील अंधेरी उपनगरात इतर शुक्रवारांसारखाच उजाडला. कचेऱ्यांची वेळ झाली, स्थानकातून माणसांचे लोंढे बाहेर पडू लागले. मात्र अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकातून सीप्झकडे जाणाऱ्या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर त्या दिवशी एक लाल दुमजली बस फुलांच्या माळा आणि फुगे लेवून धावत होती. तिला निरोप देण्यासाठी काही माणसे मुद्दाम आली होती. डिझेलवर चालणाऱ्या जुन्या दुमजली बसगाड्यांपैकी नेहमीच्या प्रवाशांना घेऊन जाणारी ही अखेरची बस होती. पुढे ५ ऑक्टोबर रोजी पर्यटकांसाठी चालणारी उघड्या छताची दुमजली बसही थांबली आणि १९३७ साली सुरू झालेला एक अध्याय शहाऐंशी वर्षांनी मिटला.

नवरी मुलगी सासरी निघावी किंवा एखादा वृद्ध शिक्षक निवृत्त व्हावा, तसा हा निरोप होता. एका वाहनाला असा निरोप द्यावा, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. वाहन जुने होते, मोडीत निघते, त्याच्या जागी नवे येते. त्यात हळवे होण्यासारखे काय आहे? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे, तर या निरोप्यांची थोडी ओळख करून घ्यायला हवी.

मुंबईत ज्यांना 'बसप्रेमी' म्हणतात, ती माणसे कोणत्याही एका व्यवसायातील नसतात. त्यांत विद्यार्थी असतात, नोकरदार असतात, सेवानिवृत्त गृहस्थ असतात. कोणी जुनी तिकिटे वहीत चिकटवून ठेवतो, कोणी पुठ्ठ्याच्या हुबेहूब लहान बसगाड्या तयार करतो, कोणी बंद पडलेल्या मार्गांचे क्रमांक तोंडपाठ म्हणून दाखवतो. बस वळणाआड असताना केवळ इंजिनाच्या घरघरीवरून ती कोणत्या बनावटीची आहे, हे सांगणारेही त्यांत आहेत. इतरांना हा छंद पोरकट वाटतो. परंतु एखाद्या राजघराण्याच्या वंशावळीतील नावे पाठ असणाऱ्यास विद्वान म्हणायचे आणि बसमार्गांचा इतिहास पाठ असणाऱ्यास वेडा ठरवायचे, यात न्याय नाही. कोणती वस्ती कोणत्या कारखान्याशी केव्हा जोडली गेली, हे राजांच्या वंशावळीत सापडत नाही. बसमार्गांच्या यादीत मात्र ते सापडू शकते.

या माणसांच्या बोलण्यात सर्वांत अधिक येतो तो दुमजली बसचा वरचा मजला, आणि त्यातही अगदी पुढची आसने. मागच्या उघड्या दाराने आत शिरायचे, गाडी हलायच्या आत वळणाचा अरुंद जिना चढायचा आणि पुढची जागा रिकामी असावी अशी मनोमन प्रार्थना करायची. ती मिळाली की पायांखाली चालकाची खोली, समोर रुंद काच आणि दोन्ही बाजूंनी भणभणणारा वारा. झाडांच्या फांद्या छताला घासून जात. पहिल्या मजल्यावरील घरांच्या खिडक्या अगदी समोर येत; वाळत घातलेले कपडे, पिंजऱ्यातील पोपट, जेवायला बसलेले कुटुंब क्षणभर दिसून मागे पडे. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसांसह राहणाऱ्या मुलाला उंचावरून शहर पाहायला मिळे, आणि त्यासाठी एक पैसाही अधिक मोजावा लागत नसे. वर बसा की खाली, तिकीट तेच. उंच गच्ची, समुद्राकडे उघडणारी खिडकी अशा गोष्टी ज्या शहरात फार महाग असतात, तेथे ही सवलत लहान नव्हती.

वरच्या मजल्यावर उभे राहून प्रवास करण्यास मनाई असे. म्हणून वर गेलेला माणूस बसलेलाच असे, हेही एक सुख! प्रत्येक मजल्याला स्वतंत्र वाहक असे. चामड्याची पिशवी, तिकिटांची पेटी आणि तिकिटाला भोक पाडणारा चिमटा ही त्याची आयुधे. तो चिमटा टिकटिकवीत, 'पुढे चला, पुढे चला' असे म्हणत तो गर्दीतून वाट काढी. दोरी ओढून एक घंटा दिली की थांबायचे, दोन दिल्या की निघायचे, ही चालकाची आणि त्याची भाषा. हिंदी चित्रपटांतील प्रसिद्ध विनोदी नट जॉनी वॉकर हे मूळचे बद्रुद्दीन काझी, आणि ते बेस्टमध्ये वाहक होते. प्रवाशांना हसवता हसवता ते चित्रपटसृष्टीत पोहोचले. सगळेच वाहक विनोदी नव्हते, हेही खरे. सुट्या पैशांवरून झडणारी भांडणेसुद्धा त्या आठवणींचाच भाग आहेत.

बसच्या पुढच्या पाटीवर मार्गाचा क्रमांक देवनागरी आकड्यांत आणि बाजूला इंग्रजी आकड्यांत असे. ज्यांना अक्षरे वाचता येत नसत, त्यांनाही आपल्या बसचा आकडा ओळखू येई. परप्रांतांतून कामासाठी आलेल्या कित्येकांची मराठी आकड्यांशी पहिली ओळख याच पाटीने करून दिली असेल.

बेस्ट म्हणजे बृहन्मुंबई विद्युत पुरवठा व परिवहन उपक्रम. घरात दिवा लावणे आणि रस्त्यावर गाडी चालवणे ही दोन्ही कामे एकाच संस्थेने करावीत, हा योग विरळाच. तो जुळून आला ट्राममुळे. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली. १९०५ साली वीज पुरवणारी आणि ट्राम चालवणारी नवी कंपनी स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. १९२० मध्ये ट्रामही दुमजली झाली. बस आली ती त्यानंतर, १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या अवघ्या आठ दिवस आधी, ही कंपनी महापालिकेच्या मालकीची झाली.

ट्रामचा निरोप दुमजली बसच्या निरोपाहून मोठा होता. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली, तेव्हा ती खचाखच भरली होती आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसे उभी होती. ट्राम गेली, तरी तिचे एक नाव शहराच्या तोंडी राहिले. दादरच्या एका चौकाला लोक 'दादर टी. टी.' म्हणतात. टी. टी. म्हणजे ट्रामचे अंतिम स्थानक. तेथे अनेक दशकांत ट्राम आलेली नाही. तिची घंटा कधी न ऐकलेली माणसेही टॅक्सीवाल्याला तेच नाव सांगतात.

ट्रामच्या अखेरच्या काळात आणखी एक वाहन मुंबईत अवतरले होते. त्याची आठवण आता फारच थोड्यांना आहे. ११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली. तिला रूळ नव्हते, रबरी चाके होती. पण डोक्यावर दोन लांब दांडे होते. रस्त्यावर ताणलेल्या दोन तारांतून ते दांडे वीज घेत. आवाज कमी, धूर नाही. बस आणि ट्राम यांचे गुण एकत्र आणण्याचा हा प्रयत्न होता. मात्र तार जेथे संपे, तेथे तिचे जगही संपे. समोर अडथळा आला, तर बस हवी तशी बाजूने वळे. ट्रॉलीबसला तारेच्या अंतरापलीकडे जाता येत नसे, आणि दांडा तारेवरून निसटला की गाडी जागच्या जागी उभी राही. २४ मार्च १९७१ रोजी हा प्रयोग संपला. नऊ वर्षांचेही आयुष्य तिला पुरते लाभले नाही.

१९६७ पासून जोडबसचाही प्रयोग झाला. पुढे ओढणारा भाग वेगळा आणि मागे प्रवाशांचा लांबलचक डबा वेगळा, अशी तिची रचना होती. अलीकडचा प्रयोग जांभळ्या रंगाच्या वातानुकूलित बसगाड्यांचा. त्या वारंवार बिघडत, त्यांचे भाडे सामान्य माणसाला परवडत नसे, आणि त्यांनी उपक्रमाला तोटाच दिला. एप्रिल २०१७ मध्ये बेस्टने आपली वातानुकूलित सेवा बंद केली. मुंबईकरांना थंड हवेची बस नकोच आहे, असा निष्कर्ष त्या वेळी सहज काढता आला असता. परंतु २०१९ मध्ये सहा रुपये किमान भाड्याच्या लहान वातानुकूलित बसगाड्या आल्या आणि त्या गर्दीने भरून वाहू लागल्या. दोष थंड हवेत नव्हता.

बसप्रेमींच्या आठवणींचा खरा उपयोग येथे दिसतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये बेस्टच्या ताफ्यात विजेवर चालणाऱ्या बसगाड्या दाखल झाल्या, तेव्हा त्या नव्या युगाच्या दूत म्हणून मिरवल्या गेल्या. ज्यांच्या स्मरणात जुनी वाहने होती, त्यांना ठाऊक होते की मुंबईच्या रस्त्यांवर विजेची वाहने १९०७ पासून १९७१ पर्यंत सलग धावत होती. तारेचे बंधन बॅटरीने सोडवले, हे खरे नावीन्य. बाकी विजेच्या गाडीशी या शहराची ओळख जुनीच. फसलेल्या प्रयोगाची आठवण ठेवणारा कोणी नसेल, तर तोच प्रयोग पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागतो, आणि त्याचे शुल्क प्रवासी भरतात.

दुमजली बस मात्र फसलेला प्रयोग नव्हती. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेस्टकडे अशा सुमारे नऊशे बसगाड्या होत्या. त्यानंतर त्यांची संख्या घटत गेली. एका गाडीला दोन वाहक लागत, इंधन अधिक लागे, दुरुस्ती महाग पडे. २००८ नंतर नव्या गाड्या घेतल्या गेल्या नाहीत, आणि बसचे आयुष्य पंधरा वर्षांचे धरले जात असल्याने उरलेल्यांचा शेवट २०२३ मध्ये ठरल्यासारखाच होता. हिशेबाच्या दृष्टीने या निर्णयाला चूक म्हणता येणार नाही. फक्त त्या हिशेबाच्या वहीत गरिबाच्या मुलाला मिळालेल्या वाऱ्याचा रकाना नव्हता.

लंडनमध्ये ९ डिसेंबर २००५ रोजी 'रूटमास्टर' ही मागच्या उघड्या दाराची प्रसिद्ध दुमजली बस नियमित सेवेतून निवृत्त झाली, तेव्हा तेथील रस्त्यांवरही अशीच गर्दी लोटली होती. तेथे त्यांपैकी अनेक गाड्या जतन करून ठेवलेल्या आहेत. कोलकात्यात दीडशे वर्षांची ट्राम एका वारसामार्गापुरती ठेवून बाकीची बंद करण्याचे राज्य शासनाने २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा तेथील ट्रामप्रेमींनी त्याला विरोध केला. ट्राम हे शोभेचे वाहन नाही, ते कामाचे वाहन आहे, हा त्यांचा मुद्दा आहे.

मुंबईतील बसप्रेमींची मागणी त्या मानाने फार लहान होती. निदान दोन दुमजली बसगाड्या मोडीत न काढता आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयात ठेवाव्यात, एवढेच त्यांनी मागितले. १९८४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात जुनी तिकिटे, तिकिटांची यंत्रे, ट्राम आणि बस यांच्या प्रतिकृती पाहायला मिळतात. प्रतिकृतीच्या जिन्यावर मात्र कोणाला चढता येत नाही.

याच शहरात आणखी काही माणसे आहेत. त्यांना संग्रहालयाहून थांब्यावरच्या रांगेची काळजी अधिक आहे. 'आमची मुंबई आमची बेस्ट' या मंचावरील कार्यकर्ते बेस्टने स्वतःच्या मालकीच्या बसगाड्या वाढवाव्यात, असा आग्रह धरत आले आहेत. एकेकाळी चार हजारांहून अधिक असलेल्या बसगाड्यांची संख्या २०२५ मध्ये तीन हजारांच्या खाली आली, आणि त्यांतील बऱ्याचशा खासगी कंत्राटदारांच्या होत्या. मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. अर्धा-पाऊण तास बसची वाट पाहणाऱ्या बाईला जुन्या लाल बसची महती सांगणे, ही काहीशी क्रूर गोष्ट ठरेल. तरीही या दोन गटांत वैर असण्याचे कारण नाही. एका थांब्यावर पूर्वी किती बसगाड्या येत, कोठून कोठे जात, हे नेमके सांगू शकणारा माणूस रांगेतल्या त्या बाईचा साक्षीदारच असतो.

दुमजली बस मुंबईतून पुरती नाहीशी झालेली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवर चालणारी, वातानुकूलित दुमजली बस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते एन. सी. पी. ए. या मार्गावर सुरू झाली. तिला दोन दारे आहेत आणि दोन जिने आहेत. ती धूर सोडत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी आत शिरणाऱ्याला ती फार बरी वाटते, आणि वरच्या मजल्यावरील पुढच्या आसनांसाठी मुले तशीच धावतात. तिच्या काचा बंद असतात.